लोखंड पाठवा, खिळे नकोत!

बंदरकाठ

माझं काम न्हावा-शेव्याला, कस्टम क्लिअरिंगचं. बावीस वर्षं झाली. दिवसभर बिल ऑफ एंट्री, बॉन्ड, ड्रॉबॅक आणि अमुक माल कुठल्या कोडात बसतो यावरून हुज्जत. त्यामुळे इतिहास वाचताना लढायांची पानं मी भराभर उलटतो आणि जकातीचं पान आलं की चष्मा पुसून बसतो.

सध्या वाचतोय ते इंग्लंडने अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींवर घातलेल्या व्यापारी कायद्यांबद्दल. शाळेत आपण बोस्टनच्या बंदरात चहा बुडवला एवढं शिकलो (आणि बऱ्याच जणांना अजून वाटतं की तो चहा आसामचा होता. तो चीनचा होता, ईस्ट इंडिया कंपनीने आणलेला.) पण चहा बुडाला १७७३ साली. पहिला कायदा १६५१ चा. मधल्या सव्वाशे वर्षांत काय चाललं होतं ते कोणी सांगत नाही.

त्या काळची समजूत अशी की जगातलं सोनंचांदी ठरावीक, एकाच्या ताटात वाढलं की दुसऱ्याच्या ताटातून गेलं. म्हणून देशाने विकावं जास्त, घ्यावं कमी, आणि जे घ्यावंच लागेल ते स्वतःच्या वसाहतीकडून घ्यावं. मराठी पुस्तकांत याला व्यापारवाद म्हणतात. नाव ऐकून वाटतं हे लोक व्यापार मोकळा सोडणारे असतील. प्रत्यक्षात व्यापाराला वेसण घालणं हाच त्यांचा उद्योग.

१६५१ चा कायदा डचांच्या पोटावर पाय द्यायला केला. डचांची जहाजं रुंद पोटाची, कमी खलाशांत चालणारी, भाडं स्वस्त. दर्यावरची सगळी हमाली त्यांच्याकडे. पुढच्याच वर्षी लढाई जुंपली. राजेशाही पुन्हा आल्यावर १६६० मध्ये कायदा पक्का झाला: वसाहतींचा माल इंग्रजी किंवा वसाहतींच्याच जहाजातून जाईल, कप्तान आणि तीन चतुर्थांश खलाशी इंग्लंडच्या राजाचे प्रजाजन असतील. शिवाय एक यादी. साखर, तंबाखू, कापूस, नीळ, आलं, रंगाची लाकडं. यादीतला माल इंग्लंडला किंवा दुसऱ्या इंग्रजी वसाहतीलाच न्यायचा, इतर कुठे नाही. आणि तसं नेईन म्हणून निघताना बॉन्ड, म्हणजे रकमेची हमी, भरायचा: शंभर टनांच्या आतलं जहाज असेल तर १,००० पौंडांचा, वर असेल तर २,००० पौंडांचा. हे वाचून मला ऑफिसात बसल्यासारखंच वाटलं. साडेतीनशे वर्षांनी आम्ही तेच करतोय, फक्त शाईऐवजी पोर्टलवर.

१६६३ मध्ये उलट बाजूची दोरी आवळली. युरोपातलं काहीही वसाहतीत न्यायचं तर आधी इंग्लंडच्या बंदरात उतरवा, जकात भरा, मग पुन्हा चढवा. मासे खारवायचं मीठ, मदेरा बेटाची दारू अशा मोजक्या गोष्टी सोडल्या होत्या.

पण मला खरा रस आहे तो नंतरच्या कायद्यांत. १७३२ चा हॅटचा कायदा घ्या. वसाहतीत बीव्हर या प्राण्याची कातडी भरपूर, तिथल्या टोपीवाल्यांनी झकास हॅट बनवून विकायला सुरुवात केली. कायदा म्हणाला, हॅट वसाहतीबाहेर न्यायची नाही, अगदी शेजारच्या वसाहतीतही नाही. एका कारागिराकडे दोनच शिकाऊ उमेदवार, तेही सात वर्षांच्या कराराने. १७५० चा लोखंडाचा कायदा तर आरशासारखा स्वच्छ. कच्चं ओतीव लोखंड इंग्लंडला पाठवा, जकात माफ. मात्र पत्रा लाटायची, सळ्या कापायची नवी गिरणी नको, पोलादाची नवी भट्टी नको. साखरेचंही तेच: तपकिरी साखरेवर कमी जकात, पांढरी करून आणलीत तर जबर, कारण साखर शुद्ध करणारे कारखाने लंडन-ब्रिस्टलला होते.

माझं म्हणणं एवढंच. आपण या सगळ्याला सरसकट 'लूट' म्हणतो, पण कायद्यांचा डोळा मालापेक्षा टप्प्यावर होता. धातू काढा, पण हातोडा मारू नका. कामाचा शेवटचा, कसबाचा, पैसेवाला हात कुणाच्या घरात चालेल, भांडण त्याचं होतं. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तर कान धरावा.

अनुस्वार

कान धरतो. शीर्षक चुकलंय. खिळ्यांवर बंदी नव्हती. खिळ्यांसाठी सळ्या कापणाऱ्या *नव्या* गिरण्यांवर होती. जुन्या चालू राहिल्या, लोहार घरी बसून खिळे ठोकतच होते.

बाकी लेख आवडला.

बंदरकाठ

मान्य. शीर्षक आता बदलत नाही, नाहीतर तुमचा प्रतिसाद अधांतरी लटकेल.

गवतीचहा

मस्त लिहिलंय दादा. एक बाळबोध प्रश्न. एवढं सगळं होतं तर लोकांनी शंभर-सव्वाशे वर्षं ऐकून का घेतलं? आणि मग एकदम चहावरच का भडकले?

चार्ल्सपलीकडे

गवतीचहा, बाळबोध नाही, हाच कळीचा प्रश्न आहे. मी बॉस्टनजवळ राहतो, त्यामुळे थोडी स्थानिक भर घालतो.

एक तर सगळ्यांनाच त्रास होत नव्हता. 'इंग्रजी जहाज' या व्याख्येत वसाहतीत बांधलेलं जहाजही बसत होतं. इथे लाकूड मुबलक. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर गोद्याच गोद्या उभ्या राहिल्या, आणि १७७० च्या दशकात इंग्रजी झेंड्याखालच्या व्यापारी जहाजांपैकी साधारण तिसरा हिस्सा वसाहतीत बांधलेला होता. डचांना बाहेर ठेवणाऱ्या कायद्याने यांचं चांगभलंच केलं.

दुसरं म्हणजे कायदा होता, अंमल नव्हता. १७३३ चा मळीचा कायदा बघा. रम गाळायला मळी लागते. फ्रान्सने आपल्या ब्रँडीवाल्यांसाठी रमला दार बंद केलं होतं, म्हणून फ्रेंच बेटांवर मळी मातीमोल. इथले लोक ती आणून रम गाळत. इंग्रजी बेटांवरच्या मळेवाल्यांचं पार्लमेंटात वजन, त्यांनी परदेशी मळीवर गॅलनला सहा पेन्स जकात बसवून घेतली. माल जवळपास तेवढ्याच किमतीचा! ऱ्होड आयलंडच्या लोकांनी १७६४ च्या अर्जात सरळ लिहून टाकलंय की आम्हाला वर्षाला १४,००० पिंपं मळी लागते आणि त्यातली जेमतेम २,५०० इंग्रजी बेटांवरून येते. म्हणजे उरलेली कुठून येते ते तुम्ही समजून घ्या. कस्टमवाल्याला गॅलनमागे पेनी-दीड पेनी चारली की काम होई.

आता गंमत. १७६४ मध्ये सरकारने जकात सहावरून *तीन* पेन्स केली. निम्मी. आणि लोक खवळले. कारण या वेळी ती खरोखर वसूल करायचं ठरलं. नौदलाची जहाजं किनाऱ्यावर, खटले ज्युरीशिवायच्या नौकान्यायालयात. सहा पेन्सचा कायदा दीड पेनीत निभत होता, तीन पेन्सचा कायदा तीन पेन्सलाच पडणार. चहाचंही तसंच. १७७३ च्या कायद्याने चहा महाग झाला नाही, स्वस्त झाला. फक्त पौंडामागे तीन पेन्सची ती जकात राहिली, आणि मधले व्यापारी (त्यात चोरटा डच चहा विकणारेही आले) कटले.

आमच्याकडे पाइनच्या झाडांची गोष्टही प्रसिद्ध आहे. जहाजाच्या डोलकाठीसाठी उंच पांढरा पाइन लागतो. १६९१ च्या सनदेत लिहिलं की दोन फुटांहून जाड पाइन राजाचा. सर्वेक्षक येऊन झाडावर कुऱ्हाडीने बाणाची खूण करायचा. तुमच्या रानातलं झाड, पण खूण झाली की हात लावायचा नाही. १७७२ मध्ये न्यू हॅम्पशरच्या वेअर गावात यावरून दंगा झाला, दंड वसूल करायला आलेल्या शेरीफला लोकांनी झाडाच्याच फोकांनी फोडला.

फटकळ

म्हणजे शेवटी इंग्रज भले होते आणि लाच चांगली असते, असंच ना? छान चाललंय.

चार्ल्सपलीकडे

असं कुठे म्हटलंय? ज्यांच्यावर बोजा पडला असं आपण समजतो त्यांच्यावर किती पडला, एवढाच प्रश्न आहे. रॉबर्ट पॉल थॉमस नावाच्या अर्थशास्त्राच्या इतिहासकाराने १९६५ मध्ये हिशोब मांडला होता. जहाजांचं संरक्षण, अनुदानं वगैरे फायदे वजा केले तर निव्वळ बोजा वसाहतींच्या उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यावर पुढे भरपूर वाद झाले, पण आकडा दसपट कुणी केला नाही.

आणि ॲडम स्मिथ. मोकळ्या व्यापाराचा आद्यगुरू. त्याने १७७६ मध्ये बाकी सगळ्या व्यापारवादाची सालटी काढली, पण जहाजांच्या कायद्याला मात्र इंग्लंडच्या व्यापारी नियमांतला कदाचित सर्वांत शहाणा नियम म्हटलं. का, तर संपत्तीपेक्षा संरक्षण मोठं आणि खलाशी तयार असले तर आरमार तयार असतं.

निळाई

'वसाहतींवर किती बोजा' हा हिशोब करताना वसाहत म्हणजे कोण, ते कुणी विचारत नाहीये म्हणून लिहिते.

बंदरकाठ यांची यादी परत वाचा. साखर, तंबाखू, नीळ, पुढे त्यात तांदूळ आला. यातलं काय गोऱ्या मळेवाल्याने स्वतःच्या हाताने पिकवलं? बार्बाडोस, जमैका, व्हर्जिनिया, कॅरोलायना, सगळीकडे आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं. तो व्यापारही याच चौकटीतला होता. १६७२ मध्ये राजाच्या सनदेने रॉयल आफ्रिकन कंपनीला मक्ता मिळाला, १६९८ मध्ये इतर इंग्रज व्यापाऱ्यांना कर भरून तो खुला झाला, आणि धंदा आणखी फोफावला. हॅटच्या कायद्यातलं एक कलम लेखात राहिलंय: काळ्या माणसाला या कामाला लावायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तेव्हा टप्प्याची तुमची गोष्ट घराच्या आतही लागू होती. ऊस तोडा, पण कसब शिकू नका. एक टक्क्याच्या हिशोबात ही माणसं 'उत्पन्न' या बाजूला येतात, 'बोजा कुणावर' या बाजूला येत नाहीत.

नीळ हा माझा विषय आहे (नैसर्गिक रंगाने कापड रंगवते), म्हणून तिची गोष्ट सांगते. इंग्लंडने १७४८ मध्ये कॅरोलायनाच्या निळीला पौंडामागे सहा पेन्स अनुदान दिलं. म्हणजे कायदा नेहमी काठीच मारत नव्हता, कधी गाजरही दाखवत होता. त्यावर तिथली निळीची शेती उभी राहिली. वसाहती स्वतंत्र झाल्या, अनुदान गेलं, नीळ बसली. मग इंग्रजी गिरण्यांना नीळ कुठून? बंगालमधून. बंगालच्या रयतेवर अगाऊ रक्कम देऊन निळीची सक्ती, आणि १८५९ चा उठाव. अमेरिकेने जे जू फेकलं ते फिरून आपल्या मानेवर आलं. निळीच्या कुंडात तासभर हात घालून बघा, मग त्या रंगाकडे बघायची नजर बदलते.

बंदरकाठ

निळाई ताई, हॅटच्या कलमाचं माझ्याकडून सुटलं होतं. खरं तर सुटलं नव्हतं, मी वाचून पुढे गेलो होतो. ते जास्त वाईट.

आणखी एक कबुली. माझी टप्प्याची थिअरी तंबाखूला लागू होत नाही. तंबाखूचं इंग्लंडमध्ये फार काही 'बनत' नव्हतं. येणाऱ्या मालाचा मोठा भाग तसाच पुढे युरोपात जायचा, आणि पुन्हा निर्यात करताना भरलेली जकात परत मिळायची. तोच ड्रॉबॅक, आमच्या फाइलवर आजही तोच शब्द. तिथे भांडण टप्प्याचं नव्हतं, वाटेचं होतं. माल आमच्या दारावरून गेला पाहिजे, म्हणजे भाडं, विमा, दलाली, गोदाम सगळं आमचं. १७०७ मध्ये स्कॉटलंड इंग्लंडला जोडला गेला आणि ग्लासगोचे तंबाखूवाले याच दारावर गब्बर झाले. व्हर्जिनियाचे मळेवाले मात्र त्यांच्या वहीत कायमचे देणेकरी.

आणि हे ऐकाच. इंग्लंडमध्ये तंबाखू पिकवायला बंदी होती. ग्लॉस्टरशरमधल्या विंचकम भागात चांगलं पीक यायचं. वसाहतीच्या जकातीवर राजाचं पोट, म्हणून घरच्या शेतकऱ्याचं उभं पीक तुडवायला घोडेस्वार पाठवले. व्यापारवाद घरच्यांनाही सोडत नव्हता.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. इंग्रजांच्या दीडशे वर्षं आधी आमच्याकडे पोर्तुगीजांनी याहून सोपा कायदा केला होता. समुद्रच आमचा! मलबारपासून गुजरातपर्यंत कुणालाही जहाज हाकायचं तर कार्ताझ, म्हणजे परवाना, घ्या. त्यात कप्तानाचं नाव, जहाजाचा आकार, माणसं, हत्यारं, माल सगळं लिहिलेलं. मिरी आणि इतर मसाला न्यायचा नाही. वाटेत गोवा, दीव अशा ठाण्यांवर थांबून जकात भरा. कार्ताझ नसेल तर जहाज जप्त. परवान्याची फी किरकोळ असायची, खरी कमाई जकातीत. अकबराच्या काळात हजला जाणाऱ्या जहाजांनाही तो घ्यावा लागे, आणि त्यावर मेरी आणि येशूची चित्रं असत म्हणून अशा प्रवासाने हज होतो का, यावर दरबारात काथ्याकूट झाला.

टप्प्याच्या मुद्द्याला मात्र आमच्या मालकांनी ब्राझीलमध्ये पुरावा ठेवलाय. १७८५ मध्ये राणी मारिया पहिली हिने ब्राझीलमधले कापड विणायचे कारखाने बंद करायचा हुकूम काढला. सूट फक्त जाड्याभरड्या कापडाला: गुलामांना घालायला आणि पोती शिवायला. कारण काय दिलं, तर माणसं मागावर बसली तर शेती आणि खाणी कोण करणार? १८०८ मध्ये नेपोलियनच्या भीतीने राजघराणं स्वतःच पळून ब्राझीलला गेलं. स्वतः तिथे राहायची वेळ आली तेव्हा तीन महिन्यांत बंदी उठली.

सागवानी

मांडवीकाठ यांच्या कार्ताझवरून राहवत नाही म्हणून लिहितो. कान्होजी आंग्र्यांना इंग्रज चाचा म्हणत. ते करत काय होते? कोकणच्या समुद्रातून जायचं तर माझं दस्तक घ्या. पोर्तुगीजांनी केलं तर कायदा, आंग्र्यांनी केलं तर चाचेगिरी! हिंदी व्यापाऱ्यांची जहाजं कंपनीचा परवाना दाखवून सुटायला बघत, कान्होजी ते मानत नसत, त्यावरूनच बरीचशी भांडणं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले.

आणि त्याच्याही आधी, १६७१ चं शिवाजी महाराजांचं मिठाचं पत्र. कुडाळचे नरहरी आनंदराव यांना लिहिलेलं. बारदेशातलं, म्हणजे पोर्तुगीज मुलखातलं मीठ स्वस्त पडतं, उदमी तिकडे वळतील आणि आपली मिठागरं बुडतील. तेव्हा त्या मिठावर जकात अशी जबर बसवा की ते आपल्या संगमेश्वराकडच्या मिठापेक्षा महाग पडेल. तीनशे पन्नास वर्षांपूर्वी इतक्या नेमक्या हिशोबाने लिहिलेलं पत्र आहे.

फटकळ

मग महाराज पण व्यापारवादी का? इंग्लंडने केलं तर जुलूम आणि आपण केलं तर दूरदृष्टी?

सागवानी

फटकळराव, फरक आहे. महाराजांनी आपल्या मिठागराला सांभाळायला परक्या मिठावर जकात लावली. बारदेशच्या आगरवाल्याला 'तू मीठ पिकवूच नकोस' असं सांगितलं नाही. इंग्लंड पेनसिल्व्हेनियाच्या माणसाला त्याच्या गावात भट्टी बांधायला मना करत होतं.

अनुस्वार

सागवानी, एवढं सोपंही नाही. हत्यार एकच आहे, जकात. तिसऱ्या देशावर लावली तर संरक्षण आणि ज्याला आपण आपली प्रजा म्हणतो पण सभेत बसू देत नाही त्याच्यावर लावली तर वसाहतवाद. ब्रिस्टलच्या साखरवाल्याचं म्हणणं मांडायला पार्लमेंटात माणूस होता, जमैकाच्या गोऱ्या मळेवाल्यांनी लंडनमध्ये घरं करून पार्लमेंटात जागाही मिळवल्या होत्या. बॉस्टनच्या टोपीवाल्याचा कुणी नव्हता. जमैकातल्या ऊसतोड्याचा तर प्रश्नच नाही.

लिफीचं पाणी

डब्लिनहून. आयर्लंड सगळ्यांनी विसरलात! इंग्रजांनी सगळे प्रयोग आधी शेजारी करून बघितले. आयरिश लोक गुरं इंग्लंडला विकायचे, १६६७ मध्ये बंदी, कारण इंग्लंडमधल्या जमीनदारांचे भाव पडत होते. मग ते खारवलेलं गोमांस आणि लोणी वेस्ट इंडीजला पाठवू लागले. १६९९ मध्ये लोकरी कापडाची निर्यात बंद, इंग्लंड सोडून. आणि इंग्लंडमध्ये जकात अशी की कापड तिथेही शिरू नये. तागाचं कापड विणा म्हणाले, कारण त्यात इंग्लंडचं काही अडत नव्हतं. अमेरिकेत युद्ध पेटल्यावर १७७९ मध्ये इथल्या स्वयंसेवकांनी कॉलेज ग्रीनवर तोफ आणून उभी केली आणि तिच्यावर पाटी लटकवली: मोकळा व्यापार द्या, नाहीतर ही आहेच, अशा अर्थाची. काही महिन्यांत बंधनं सुटली. मी रोज त्याच चौकातून ऑफिसला जाते.

गवतीचहा

तोफेवर पाटी!! 😀 धागा जमलाय. वाचनखूण साठवली.

साचेखातं

आजोबा परळला गिरणीत साच्यावर होते, म्हणून या धाग्यावर १८९६ यायलाच हवं.

ते जहाजांचे कायदे १८४९ पर्यंत मोडीत निघाले, इंग्लंड मोकळ्या व्यापाराचं कीर्तन करू लागलं. मग आपल्याकडे काय झालं? मुंबईत दावरांनी १८५४ मध्ये पहिली गिरणी काढली, पुढच्या तीस वर्षांत गिरण्या वाढल्या आणि मँचेस्टरच्या पोटात दुखायला लागलं. १८८२ मध्ये परदेशी कापडावरची आयात जकात काढून टाकली. १८९४ मध्ये सरकारच्या तिजोरीत खडखडाट, जकात पाच टक्के परत आणली. लँकेशरने (मँचेस्टरच्या आसपासचा गिरण्यांचा परगणा) आरडाओरडा केला की हे संरक्षण झालं. म्हणून इथल्या गिरणीच्या वीस नंबरच्या वरच्या सुतावरही पाच टक्के कर. आपल्या गिरण्या जाडं सूत काढायच्या, बारीक सूत लँकेशरचं. म्हणजे बारकाईकडे वळाल तर कर भरा! तरी समाधान नाही. १८९६ मध्ये परदेशी कापडावर साडेतीन टक्के आणि इथल्या गिरणीत विणलेल्या सगळ्या कापडावर साडेतीन टक्के. ज्या जाड्या धोतराशी मँचेस्टरची स्पर्धाच नव्हती त्यावरही. हातमाग सुटला. हा कर १९२५ च्या डिसेंबरपर्यंत वसूल होत राहिला.

बंदरकाठ, तुमच्या १७५० मध्ये आणि या १८९६ मध्ये फरक एवढाच की आधी सांगायचे 'करू नका', नंतर सांगायला लागले 'करा, आम्ही फक्त समान न्याय करतोय'. दुसरं जास्त झोंबतं.

निळाई

साचेखातं, तुमच्यात दोनशे वर्षं आधीचा धागा जोडते. तेव्हा उलट होतं. आपल्या छिटांनी इंग्लंडला वेड लावलं होतं, 'चिंट्झ' हा त्यांचा शब्द आपल्या छिटाचाच. १७०० च्या कायद्याने हिंदुस्थानी छापील कापड वापरायला बंदी. तरी बायका नेसतच होत्या. १७१९ मध्ये लंडनचे विणकर रस्त्यात बायकांच्या अंगावरची छीट फाडत, शाई फेकत. १७२१ मध्ये बंदी आणखी कडक. तोवर कोरं पांढरं कापड मात्र चालत होतं, छापायचं काम लंडनचे छापणारे करत. आणि छापील माल लंडनच्या गोदामात उतरवून पुढे आफ्रिकेला, वसाहतींना विकायला मुभा. टप्पा आणि वाट, दोन्ही एकाच कायद्यात.

बंदरकाठ

वा! हे मला पाहिजे होतं. बॉन्डेड गोदामात उतरवा, घरच्या बाजारात सोडू नका, पुढे पाठवा. आमच्याकडे आजही असे कंटेनर येतात, देशात न शिरताच पुढे जातात.

उसाचं चिपाड

सगळं वाचलं. इतिहासातलं मला कळत नाही, पण मळीतलं कळतं. कोल्हापूर जिल्ह्यात एका कारखान्याच्या डिस्टिलरीत आहे. २०२४ च्या जानेवारीत सरकारने मळीच्या निर्यातीवर ५० टक्के शुल्क लावलं. मळी बाहेर पाठवू नका, इथेच इथेनॉल करा. म्हणजे बंदरकाठ यांचा टप्प्याचा कायदाच झाला की! फक्त या वेळी शेवटचा टप्पा आपल्या घरात.

फटकळ

आणि बाहेरचा भाव चांगला असताना मळी इथेच स्वस्तात द्यायला लावली, तर ऊसवाल्याचं काय? तो या गोष्टीत व्हर्जिनियाचा तंबाखूवाला नाही का?

उसाचं चिपाड

प्रश्न बरोबर आहे. कारखान्याची डिस्टिलरी असेल तर फायदा कारखान्यातच राहतो, सभासदापर्यंत किती पोचतो ते विचारू नका. डिस्टिलरी नसलेल्या लहान कारखान्याचं मात्र अवघड होतं.

बंदरकाठ

फटकळराव, आता बोललात! त्या वर्षी अधिसूचना आली तेव्हा माझ्याच एका पार्टीची मळी रस्त्यात होती. टँकर कुठल्या तारखेचा, शिपिंग बिल कुठल्या तारखेचं, यावरून तीन दिवस धावपळ. मळीवाला माझ्यावर ओरडत होता, मी अधिकाऱ्याला विनवत होतो. ऱ्होड आयलंडच्या अर्जाबद्दल तेव्हा माहीत असतं तर छापून टेबलावर ठेवला असता.

अनुस्वार

'रस्त्यात' नव्हे, 'वाटेत'. बाकी काय झालं शेवटी? टँकर गेला?

बंदरकाठ

अर्धे गेले. अर्धे परत कोल्हापूरला.